माठावरचा खिळा

"चूल परवडली बाई. ती निदान विझवता तरी येते," जाऊबाई वर पत्र्याकडं बघत पुटपुटल्या.

त्या शाळेत पोरांचं जेवण रांधतात, मी पाणी भरते.

वरून नियम आला होता, पारा चाळीसच्या वर गेला की शाळा सोडायची. थर्मामीटर हेडसरांच्या खोलीत. शाळेत स्लॅबची तेवढीच एक खोली, आणि तिच्या भिंतीत खिळाही एकच, नेमका माठाच्या डोक्यावर. माठाला ओलं फडकं मीच गुंडाळायची, त्यामुळं भिंतीला कायमची ओल. शिपाईमामा रोज अकराला पारा मोठ्यानं वाचायचे. पस्तीस. छत्तीस. एकदा सदतीस निघाला, तेव्हा हेडसरांनी मला माठ भरायला सांगितला.

"बारा वर्षांत उन्हापायी एक दिवस शाळा बुडाली नाही," ते म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, डब्यातली भाजी पोरांना वाटून टाकायचा. पण हे वाक्य आलं की सगळे माना डोलवायचे. मीसुद्धा.

बालवर्गाच्या बाईंना सातवा महिना. वर्ग पत्र्याखालचा. त्या दिवशी फळ्यावर लिहितालिहिता त्या खाली बसल्या, मग आडव्याच झाल्या. खडू हातातच. पोरांना वाटलं, नवा खेळ आहे. तीही आडवी झाली.

आम्ही दोघी जावांनी बाईंना उचलून हेडसरांच्या खोलीत आणलं. माठाचं फडकं सोडून मान पुसली. नर्सताईंना निरोप धाडला.

"उपाशी असतील," हेडसर म्हणाले.

"माझ्यासमोर खाल्लंय त्यांनी," जाऊबाई म्हणाल्या.

"मग झोप झाली नसेल."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला, सर? वर्गात पोरं एकटी आहेत. घटकाभर बसा जाऊन."

हेडसर गेले.

नर्सताई आल्या. पोटाला हात लावून म्हणाल्या, बाळ हलतंय, पण गाडी बोलवा, दवाखान्यात दाखवलेलं बरं. बाईंनी डोळे उघडले. "इथं किती गार आहे हो," म्हणाल्या.

अर्ध्या तासानं हेडसर परतले. सदरा पाठीला चिकटलेला, गळ्याचं बटण सुटलेलं, मागं सगळा बालवर्ग. पोरांना त्यांनी आपल्याच खोलीत बसवलं, टेबलाखालीसुद्धा. माठातलं पाणी एकेकाला पाजलं, शेवटी स्वतः तीन पेले प्याले.

"मामा, पारा किती?"

मामांनी चष्मा पुसला. "छत्तीस."

"छत्तीस कसा असेल?"

खोलीत जो तो आपापल्या पायाकडं बघायला लागला. मामांनी खिळ्यावरून थर्मामीटर काढला, धोतराच्या सोग्यानं त्यावरचं पाणी टिपलं आणि टेबलावर ठेवला.

"सर," ते म्हणाले, "बारा वर्षं मी माठाचा ताप सांगतोय."