विहिरीपाशी अडलेला सिनेमा

मित्रांनो, एका जुन्या कृष्णधवल चित्रपटाची मी दहावी आणि शेवटची फीत आहे. माझ्या आधीच्या नऊ फिती नुसत्या घाबरवतात. खरे काय घडले, ते फक्त माझ्यात आहे. आणि मला आजवर कोणी धड पाहिलेच नाही, याचा मला फार राग येतो.

माझा आताचा मालक चंद्रशेखर, त्याच्या वडिलांनी हौसेने हा चित्रपट आपल्याच गावात काढला. एक अंधारे घर, विहिरीत सापडलेला सासरा आणि कानात आवाज येतात म्हणणारी धाकटी सून. ती सून झाली होती त्यांची बहीण गिरिजा. नवव्या फितीच्या शेवटी ती कंदील घेऊन विहिरीपाशी उभी असते. हिनेच ढकलले, असे कोणालाही वाटावे! ते आवाज थोरला दीर काढत होता आणि ढकलणाराही तोच, हे माझ्यात कळते.

पण गावच्या जत्रेत पहिला खेळ लागला आणि विहिरीच्या प्रसंगाला लोक इतके खवळले, की मला यंत्रावर चढवण्याआधीच पडदा उतरवावा लागला. पुढे चित्रपट कोणी घेतला नाही. गिरिजा मात्र गावात 'सासऱ्याला ढकलणारी' म्हणूनच राहिली. आयाबाया गमतीने म्हणत, पण तान्ही मुले तिच्या मांडीवर द्यायला कचरत.

मग चंद्रशेखरने आम्हाला अबुधाबीला आणले. अल रीम आयलंडवरचे घर, घरभर एसी! आता आपले भाग्य उजळले, असे मला वाटले. तो जमेल तसे आम्हाला स्कॅनिंगला नेई, पण क्रमाने. "शेवटची कुठे पळून जातेय? इन्शाल्ला, नेक्स्ट इयर," हे मी किती वेळा ऐकले! आणि दर जुलैत सगळे भारतात निघाले, की त्याची बायको संध्या एसी बंद करी. "रिकाम्या घराला गारवा कशाला?" सुट्टीभर मी भाजून निघे. माझ्या डब्याला आंबूस वास येऊ लागला, तेव्हा संध्याने शेजारची लोणच्याची बरणी धुतली, पुसली, तिला नवे झाकण आणले. माझे झाकण उघडायचे काही कोणाला सुचले नाही.

यंदा गिरिजाआत्या इथे आल्या. आता फार थकल्या आहेत. "एकदा शेवट बघू दे रे," एवढेच म्हणाल्या. दुबईत ऊद मेथाला मराठी मंडळींसाठी खेळ ठरला, तेव्हा कुठे चंद्रशेखर मला घेऊन धावला. स्कॅनिंगवाल्या अहमदने डबा उघडला आणि नाक दाबले. मी आक्रसून, चिकटून ढेकूळ झाले होते.

"खलास, भाईसाब. ये नहीं खुलेगा."

खेळ पुन्हा विहिरीपाशीच संपला. मी चंद्रशेखरच्या उघड्या पिशवीत होते. त्याचा मुलगा सत्यजित म्हणाला, "रिलॅक्स, आत्याआजी! ओपन एंडिंग इज सो कूल!"

"ओपन कसलं रे?" आत्यांचा आवाज चिरकला. "मी नाही ढकललं त्याला."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. चंद्रशेखर माइकवर शेवट सांगायला उठला, तोवर मंडळी साबुदाणावड्यांकडे वळली होती. "काय डेंजर काम केलंत, आत्या!" म्हणत सुजाता नावाच्या बाईंनी आपल्या घाबरलेल्या छोट्या अस्मीला मागे ओढले. तिला जवळ घ्यायला पुढे केलेला हात आत्यांनी पदराखाली घेतला.

परवा सगळे भारतात गेले. निघताना संध्या एसीपाशी थबकली. "असू दे चालू या वर्षी," म्हणाली. आता? मी रिकाम्या घरात गारेगार पडून आहे आणि चरफडते आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी असा एखादा डबा असेल, तर तो नुसता जपून ठेवू नका, वेळेत उघडून बघा. आणि गिरिजाआत्या कुठे भेटल्या, तर त्यांच्या मांडीवर खुशाल बाळ द्या. त्यांनी नाही ढकलले.