एका कार्डावरची दोन पोटं

माझं अपेंडिक्स लांब्याच्या नावावर निघालं. म्हणजे पोट माझं, दुखणं माझं, आणि दवाखान्याच्या कार्डावर नाव माझ्या खोलीतल्या लांब्याचं. परक्या मुलखात आलो तेव्हा माझे कागद कंत्राटदाराने ठेवून घेतले आणि मग तो कुठे तोंड काळं करून गेला कोण जाणे. कागद नाहीत म्हणून कार्ड नाही. पण हे पोटाला कोण समजावणार? मी जमिनीवर गडबडा लोळायला लागलो, तेव्हा लांब्याने आपलं कार्ड माझ्या खिशात कोंबलं.

"अरे, तू ताडमाड, मी एवढासा," मी म्हणालो.

"कार्डावर उंची नसते. फक्त माझ्या नावावर मरू नकोस. घरी माझी बायको हकनाक विधवा व्हायची."

मेलो नाही. पण वॉर्डातले ते दिवस वाईट गेले. बाजूच्या खाटांवर लेकीसुना डबे घेऊन यायच्या. नर्स लांब्याच्या नावाने हाक मारायची आणि मी शेजारच्या खाटेकडे बघायचो. लांब्याला भेटायला येता येत नव्हतं, कागदोपत्री तो तर खाटेवर झोपलेला होता ना!

खोलीवर तरी वेगळं काय होतं म्हणा. खोली एक, गादी एक. तो गोदामावर रात्रपाळीचा राखणदार, मी हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत दिवसपाळीला. तो यायचा तेव्हा मी निघायचो. दारात दोन शब्द, एखादी शिवी, बस. संध्याकाळी गादीला हात लावला की ऊब लागायची. या गावात माझं कुणी आहे, याचा तेवढाच पुरावा.

परवा मी लॉन्ड्रीतून आलो तर लांब्या गादीवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेला. कामावर गेलाच नव्हता. तोंड पांढरंफटक.

"दवाखान्यात जाऊन आलो," तो म्हणाला. "आंबट ढेकरांच्या गोळ्या दिल्या."

"कुठे दुखतंय?"

त्याने उजव्या बाजूला खाली हात ठेवला. ती जागा मला तोंडपाठ होती.

"पोट तपासलं का त्यांनी?"

"खिडकीतल्या बाईने कॉम्प्युटर बघितला. म्हणाली, तुमचं अपेंडिक्स आधीच काढलंय, पित्त झालं असेल."

"मग तू काय म्हणालास?"

"हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तुला हाकलून देतील."

मला त्याचा असा राग आला की दोन ठेवून द्याव्यात. स्वतःचा जीव चालला आणि हे शहाणं माझे कागद सांभाळत बसलंय, जे मुळात नाहीतच. मी त्याच्या काखेत हात घातला. तो म्हणाला, "गप बस, उतरेल." मी म्हणालो, "माझं उतरलं होतं का?"

दवाखान्याच्या दारापर्यंत मी त्याला जवळजवळ ओढतच आणलं. खिडकीतल्या बाईने पुन्हा तेच सुरू केलं. मग मी तिच्यासमोर शर्ट वर केला, सगळ्या रांगेदेखत, आणि व्रण दाखवला.

"हे अपेंडिक्स त्याचं नाही, माझं होतं. त्याचं अजून आत आहे."

बाई माझ्या पोटाकडे आणि कार्डाकडे आळीपाळीने बघत राहिली. मग तिने आतून डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी लांब्याच्या पोटावर नुसतं बोट टेकवलं आणि तो कळवळला. त्याला लगेच आत नेलं.

खूप वेळाने त्या बाहेर आल्या. "फुटायच्या बेतात होतं. वाचेल तो." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही तेव्हा कार्ड कशाला मागून आणलंत? जीव धोक्यात असला की आम्ही कार्ड नसलेल्यालाही घेतो. दारावर पाटी आहे की."

ती पाटी मी बघितली होती. तिच्याखालीच पोट धरून उभा होतो. मला वाटलं होतं, थुंकू नका असं लिहिलंय. आम्हाला वाचता येईल अशा अक्षरांत ती कुणी लिहिलीच नव्हती. आणि विचारायचं कुणाला?

खिडकीतली बाई म्हणाली, "नोंद दुरुस्त करायला हवी. तुमचं नाव सांगा."

लॉन्ड्रीत मी 'ए'. लांब्यासाठी 'बुटक्या'. माझं नाव या गावात कुणी विचारलंच नव्हतं. मी इतकं हळू सांगितलं की तिला परत विचारावं लागलं. मग मोठ्याने सांगितलं. पत्ताही खरा सांगितला. ही माहिती पुढे पोलिसांकडे जाते का, ते विचारायचा धीर झाला नाही.

लांब्या अजून शुद्धीवर यायचा होता. सकाळी या, म्हणाले. मी खोलीवर आलो आणि सवयीने गादीला हात लावला. गादी गार होती. मी तिच्या कडेला बसून राहिलो, बूट न काढता. आता दार वाजलं, तर बाहेरचा माणूस माझंच नाव घेणार होता.