रविवारची आजी

नेब्रास्कातल्या त्या गावात व्हर्ना कुचेराच्या मत्सराची ख्याती अशी, की ती जळू लागली म्हणजे भर फेब्रुवारीत तिच्या छपरावरचा बर्फ वितळायचा आणि आळीतली कुत्री तिच्या अंगणात शेकायला यायची.

एकदा ती मुलाकडे, कर्टिसकडे, खसखशीचे कोलाचे, म्हणजे गोड पाव, भाजून घेऊन गेली. तो कराचा अर्ज भरत बसला होता. तीन वर्षांच्या ओटिसला कोण सांभाळतं, या रकान्यात त्यानं नाव घातलं होतं मार्लिस हॉफमनचं. म्हणजे व्हर्नाच्या विहिणीचं.

"आणि मी कोण रे? दर रविवारी पोर माझ्याकडे असतं ते?"

"अगं आई, रविवार धरत नाहीत. आम्ही दोघं कामावर असताना कुणी पैसे घेऊन सांभाळलं, तरच करात सूट. तू फुकट सांभाळतेस."

"म्हणजे सरकारच्या लेखी आजी एकच. तीही ती."

बोलता बोलता कर्टिसच्या छपराला पागोळ्या लागल्या.

दुसऱ्याच दिवशी व्हर्नानं निम्म्या पैशांत पोर सांभाळायचं कबूल केलं. सुनेनं आपल्या आईची समजूत घातली. मार्लिस तोंड फुगवून रविवारवर गेली.

मग सोमवार ते शुक्रवार व्हर्नाच्या वाट्याला काय, तर नाक पुसा, गाजर भरवा, दुपारी झोपवा. औषधाचा चमचा दिसला की ओटिस धान्याच्या कोठाराच्या टोकावर जाऊन बसे. उतरवायला अग्निशामक बंब बोलवावा लागे. आणि दर शुक्रवारी एकच प्रश्न.

"आजी, रविवार कधी?"

"का रे बाबा?"

"मार्लिस आजी ट्रॅक्टरवर बसवते. तिच्याकडे गाजर नसतं."

पुढच्या वर्षी कर्टिसनं कौतुकानं अर्ज दाखवला. "बघ आई, तुझं नाव."

व्हर्नानं पाहिलं, आणि तिला रडूच आलं. तिला आता रविवार हवा होता. पण नुसता मागितला तर मार्लिस तो देणार थोडीच. म्हणून चर्चमध्ये कॉफी पिताना ती सहज म्हणाली, "विहीणबाई, सरकारदरबारी माझं नाव लागलं हो. ओटिसची आजी म्हणून. वॉशिंग्टनला म्हणे पितळी पाटीवर कोरतात."

"पाटीवर?"

"तुमचं होतं ना आधी? घासून काढलं असेल बाई."

मार्लिसच्या हातातली गार झालेली कॉफी पुन्हा उकळली. सोमवारी उजाडायच्या आत ती कर्टिसच्या दारात हजर. व्हर्नाच्याही निम्म्यात सांभाळते म्हणाली. व्हर्नानं रुमालानं कोरडेच डोळे टिपले आणि मोठ्या मनानं नोकरी सोडली.

"या आज्या अशाच स्वस्त होत गेल्या," कर्टिस बायकोला म्हणाला, "तर सूट मिळायची कशावर?"

रविवारी व्हर्नानं ओटिसला आपल्या ट्रॅक्टरवर मांडीत घेतलं.

"कसा आहे आपला ट्रॅक्टर?"

"छान," ओटिस म्हणाला. "मार्लिस आजीचा मोठा आहे."

अंगणात एकेक कुत्रं जमायला लागलं.