दोन दशांश

"काका, अक्षर तुमचंच आहे," वेधशाळेतली अधिकारी म्हणाली, "पण डोळा तुमचा नाही."

तिने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. माझ्या एकतीस वर्षांच्या तापमानाच्या नोंदी तिथे ठिपके होऊन पसरल्या होत्या. तिचे वय माझ्या पहिल्या वहीपेक्षा कमी असावे.

"तापमापीवर खुणा अर्ध्या अंशाच्या. मधला आकडा नजरेनं ठरवायचा. तुम्ही बहुतेक शून्य नाहीतर पाच लिहिता. सगळेच लिहितात, वाईट वाटून घेऊ नका. पण हे चारशे बारा दिवस बघा. तीन, सात, एक, नऊ, सगळे सारख्या प्रमाणात. हे कुणी घेतले?"

"त्यातला शेवटचा दिवस कधीचा?" मी विचारले. उत्तर ठाऊक होते. पण पडताळल्याखेरीज मान्य करायचे नाही, ही सवय.

"दीड वर्षापूर्वीचा. त्यानंतर एकही नाही."

माझी पत्नी जाऊन चौदा महिने झाले होते. त्याआधीचे चार महिने ती अंथरुणावर होती.

मी शाळेत विज्ञान शिकवत असे आणि परसातल्या झडपांच्या पांढऱ्या पेटीतली तापमापी वाचत असे. सकाळी साडेआठ, संध्याकाळी साडेपाच. खाडा नाही. परिणामी आम्ही दोघे मिळून कधीही गावाबाहेर गेलो नाही. लग्नकार्याला, मयताला एक जाई, दुसरा पेटीपाशी राही.

"अहो, मला कधी ताप आला तर लगेच बघाल ना?" ती म्हणे. "की साडेआठपर्यंत थांबायचं?"

तिला खाडी ओलांडायची होती, बोटीतून, दोघांनी. मी निवृत्त झाल्यावर जाऊ म्हणत होतो. शाळेतून निवृत्त झालो. पेटीतून झालो नाही.

मी नसताना ती आकडे कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे लिहून ठेवी. परत आल्यावर मी ते वहीत उतरवी. मी तिला सारे दहा मिनिटांत शिकवले होते. तिने एकच शंका काढली होती.

"पारा दोन रेघांच्या मधे असला तर?"

"अंदाजाने लिही."

"अंदाज कशाला? दिसतंय की."

अधिकारी मुलीने दुसरा आलेख काढला. तीन वर्षांपूर्वी माझ्या पेटीशेजारी स्वयंचलित यंत्र बसवले होते. आता त्याची खात्री पटल्यामुळे गेल्या आठवड्यात पेटी बंद झाली आणि मी वह्या जमा करायला आलो होतो.

"यंत्रापेक्षा तुमचा आकडा सरासरी दोन दशांशांनी जास्त येतो. त्या दुसऱ्या माणसाचा फरक जवळजवळ शून्य."

कारण सापडायला मला फार वेळ लागला नाही. मी सहा फूट उंच. पाऱ्याकडे वरून पाहिले की तो आहे त्याहून वर दिसतो; म्हणून वाकून, डोळे पाऱ्याच्या पातळीला आणून वाचायचे असते. पहिली काही वर्षे मी वाकत होतो. मग सवय झाली आणि वाकणे सुटले. पत्नीचे डोळे उभ्यानेच पाऱ्याच्या पातळीला येत. आणि जे दिसे ते ती लिही.

ती गेली त्या सकाळीही मी साडेआठला पेटी उघडली होती. मेहुणा म्हणाला होता, "दाजी, आज तरी राहू द्या." मी नोंद केली: सव्वीस पूर्णांक शून्य. तेही खरे नसावे.

"आता मी काय लिहू?" अधिकारी मुलीने विचारले. "एकच निरीक्षक होता अशी सही दिलीत, तर हे दिवस राहतात. प्रशिक्षण नसलेलं कुणी असेल तर नियमानं बाद." मग आवाज उतरवून म्हणाली, "एकटाच होतो म्हणा ना, काका. विचारायला कोण येणार आहे?"

पत्नीचे कपडे माझ्या बहिणीने वाटून टाकले होते. चष्मा एका दवाखान्याला दिला. मोजता येईल असे तिचे जगात एवढेच उरले होते: चारशे बारा दिवस, आणि बरोबर. एका सहीने ते टिकले असते. माझे म्हणून.

"माझी बायको घ्यायची," मी म्हणालो.

"प्रशिक्षण?"

"दहा मिनिटं. मी दिलेलं."

"मग चांगलं दिलंत की."

"छे. तिनं माझं ऐकलं नाही, म्हणून बरोबर आलं."

ती हसली आणि लगेच थांबली. "तुमचे आकडे दोन दशांशांनी कमी करून ठेवू. त्यांचे मात्र..."

चुकीच्या आकड्यांसाठी दुरुस्तीची सोय होती. बरोबर आकड्यांसाठी नव्हती.

आमच्या कामात काही खोडत नाहीत. एक रेघ मारायची, आकडा खालून वाचता आला पाहिजे. आणि शेऱ्यात निरीक्षकाचे नाव. पट्टी आणि पेन मी मागून घेतले.

"नुसतं 'पत्नी' लिहिलंत तरी चालेल," अधिकारी म्हणाली.

"नाव आहे तिला."

आयुष्यभर ती मला 'अहो' म्हणाली, मी तिला 'अगं'. त्या दुपारी मी तिचे नाव पूर्ण लिहिले, चारशे बारा वेळा. दोनशेच्या आसपास अक्षर सुधारले.

येताना पुलावरून बसने आलो होतो. परत जाताना धक्क्यावर गेलो. बोटीत मी प्रथमच पाय ठेवत होतो आणि तो कुठे ठेवावा हे कळत नव्हते.

"आजोबा, उभे राहू नका, खाली बसा," बोटवाला ओरडला. "अजून खाली. सोबत कुणी आहे?"

"नाही."

मी सर्वांत खालच्या फळीवर बसलो. साडेपाच वाजले होते. धक्क्याच्या खांबावर पाण्याची पातळी मोजायच्या पांढऱ्या खुणा होत्या. मी गुडघे मुडपले, मान वाकवली, डोळे पाण्याच्या पातळीला आणले. पाणी दोन खुणांच्या मधे होते.

दिसत होते.