दादाच्या हातावरचं पाखरू

माझ्या दादाच्या हातावर एक पाखरू आहे आणि गेलं वर्षभर ते डोकं खाली करून पडतंय. पाडलं मीच.

माणसाच्या कातडीवर मी काढलेला तो पहिला टॅटू. त्याआधी संत्री झाली, नकली कातडीचे तुकडे झाले, माझी स्वतःची डावी मांडी झाली. मांडीची अवस्था बघून आईने विचारलं होतं, "हा पाय आहे की शाळेतला बाक?" मग कुणाच्या तरी हातावर काढायची वेळ आली आणि घरातले सगळे एकदम कामात असल्यासारखे दिसू लागले. दादा तेवढा पुढे आला. तो बस चालवतो. शर्टाची बाही वर करत म्हणाला, "घे बारके, कर काय करायचं ते."

चित्र आधी कागदावरून कातडीवर उमटवतात, त्याला आम्ही छाप म्हणतो. छाप नेहमी माणसाला उभं करून लावायची, हात सैल सोडायला सांगून. ज्यांच्या दुकानात मी काम करते त्या वस्तादांनी हे इतक्या वेळा बजावलं होतं की मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं. पण त्या दिवशी माझी अशी धांदल उडाली की मी दादाला थेट खुर्चीत बसवलं, त्याचा कोपरातून वाकवलेला हात खुर्चीच्या हातावर टेकवला आणि तशीच छाप लावून, वरून सुईही फिरवून मोकळी झाले. पाखरू झकास उतरलं. मग दादा उठला, त्याने हात खाली सोडला आणि पाखराने जमिनीकडे सूर मारला.

वस्तादांनी कपाळाला हात लावला. वहिनी पोट धरून हसली आणि म्हणाली, "खाली दाणे टाका रे कुणीतरी, बिचारं उपाशी दिसतंय." दादा तेवढा म्हणाला, "राहू दे गं. छान आहे."

राहू दे म्हणायला त्याचं काय जात होतं! हात त्याचा असला तरी अब्रू माझी होती. तो जिथे जाईल तिथे माझी चूक बाहीखालून डोकावत जायची.

त्या वर्षात मी जे शिकले ते खरं तर चिडून शिकले. रेघ ओढताना श्वास कधी सोडायचा ते कळलं. गिऱ्हाइकाला "हे इथे शोभणार नाही" असं तोंडावर सांगायला लागले, आणि गंमत म्हणजे ती माणसं पळून जाण्याऐवजी खुर्ची पुढे ओढून बसायला लागली. कितीतरी दिवस मी नुसती पानं काढली, कारण माझी पानं चमच्यांसारखी दिसतात असं वस्ताद म्हणाले होते. रस्त्यात, रांगेत, दवाखान्यात माणसं उभी कशी राहतात, पिशवी धरल्यावर दंडाचा आकार कसा बदलतो, ते बघायची खोडच लागली. पुढे पुढे छाप बाजूला ठेवून पेनाने सरळ अंगावरच चित्र आखू लागले. वस्तादांनी एक दिवस खिडकीजवळची स्वतःची खुर्ची मला दिली आणि आपण आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसले. मला रडू आलं. ते म्हणाले, "रडतेस काय, उजेडात माझे डोळे दुखतात."

पण या सगळ्याच्या मुळाशी ते पाखरू होतं. ते झाकायला मी एक फांदी रचत होते, दाट पानांची, काळ्या सावल्यांची. जे जे नवीन यायचं ते आधी त्या फांदीत जायचं. फांदी तयार झाली, तर दादा हात देईना. विषय काढला की त्याचं आपलं एकच, राहू दे.

परवा त्याचा डेपोतला एक मित्र घरी आला होता. चहा पिता पिता त्याची नजर दादाच्या हातावर गेली. "बहिणीने काढलं? काय झालं होतं पाखराला, चक्कर आली होती?" सगळे हसले. राग तर माझ्या नाकावरच असतो. मी कप आपटून आत गेले. थोड्या वेळाने दादा दाराशी आला. म्हणाला, "गुरुवारी दुपारी मोकळा आहे. झाकून टाक एकदाचं."

मला इतका आनंद झाला की त्याच्या चेहऱ्याकडे मी बघितलंसुद्धा नाही.

गुरुवारी सकाळी मी शाई आणायला गेले होते. दादाने सांगून ठेवलं होतं, "परत येताना माझीच बस मिळेल, मग डेपोतून बरोबर जाऊ." वस्तादांचं दुकान घराला इतकं जवळ की मी कायम पायीच जाते. तो चालवत असताना त्याच्या बसमध्ये मी कधी बसलेच नव्हते. दाराजवळची पुढची सीट रिकामी होती. शाईची पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि सहज त्याच्याकडे पाहिलं.

त्याचे हात स्टेअरिंगवर होते. कोपरातून वाकलेले, नेमके त्या दिवशी खुर्चीवर टेकले होते तसे. आणि पाखरू पडत नव्हतं. पंख पसरून, मान ताठ ठेवून ते समोरच्या काचेकडे उडत होतं. सिग्नलला बस थांबली की तेही थांबल्यासारखं वाटायचं. बस निघाली की निघायचं. वळणावर एका अंगाला कलायचं आणि परत सरळ व्हायचं. डेपो येईपर्यंत मी त्याच्यावरून नजर काढली नाही.

दुकानात आल्यावर दादा शहाण्यासारखा उभा राहिला, हात सैल सोडून. एवढं तोही शिकला होता. मी फांदीची छाप हातात घेतली, पाखराजवळ नेली आणि परत ठेवून दिली.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"काय?"

"ते सरळ आहे हे."

"मला तर रोज सरळच दिसतं. तुम्ही सगळे मला बसमधून उतरल्यावर बघता, त्याला मी काय करू?"

"मग बोलला का नाहीस वर्षभर?"

"बोललो असतो तर तुला वाटलं असतं, समजूत काढतोय."

तेच वाटलं असतं. "आणि आज झाकायला तयार कसा झालास?"

तो बाही उगाच वरखाली करत राहिला. "तू उठून आत गेलीस ना. मला ते नाही बघवलं. पाखराचं काय एवढं, त्याची सवय झालीय, तेवढंच."

वर्षभर मी त्या हाताकडे बघत होते, त्या माणसाकडे एकदाही नाही.

"खुर्चीत बस," मी म्हणाले. "स्टेअरिंग धरतोस तसे हात धर."

"अगं, पण छाप उभं करून..."

"मला शिकवू नकोस."

त्याने हवेतलं स्टेअरिंग धरलं. कोपऱ्यातून वस्ताद मान लांब करून बघायला लागले. मी पेन घेतलं आणि छापेशिवाय, पहिल्या पाखराच्या मागे जरा अंतरावर, दुसरं आखलं. लहान, त्याच्याच दिशेने उडणारं. मग मशीन सुरू केलं. रेघ एका दमात उतरली.

वस्ताद जवळ आले. "पुन्हा तीच चूक?"

"हो," मी म्हणाले. "या वेळी ठरवून."

त्यांनी दादाच्या हवेतल्या स्टेअरिंगकडे पाहिलं, मग हाताकडे, आणि आपल्या कोपऱ्यात गेले. जाताना माझ्या डोक्यावर टपली मारली.

संध्याकाळी घरी वहिनीने दार उघडलं. दादाचा हात खाली सोडलेला होता. तिने डोळे मोठे केले. "अगं बाई! आता दोन पडली?"

मला राग आलाच नाही. मी चपला काढत म्हणाले, "उद्या याच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून बघ."