एका दमाची रेघ

आक्काच्या छातीत पहिल्यांदा धडधडलं ते कधी, हे तिला पक्कं आठवत होतं, पण तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, मग वर्षभर गप्प का होतीस? त्याला उत्तर द्यायचं तर मान खाली घालावी लागली असती. ती मान आक्कानं सासूपुढेही खाली घातली नव्हती.

दुकान तिचं होतं, फोटोला चौकटी करून द्यायचं. नवरा असताना तो लाकूड बघायचा आणि ही काच. तो गेल्यावर लाकूड मुलाकडे आलं, पुसणं-चिकटवणं आणि गिऱ्हाईक सुनेकडे, पण काचेचं टेबल आक्कानं सोडलं नाही. काच कापायला जोर लागतो असं बघणाऱ्याला वाटतं. जोर नाही लागत, दम लागतो. डाव्या हातानं पट्टी दाबून धरायची, उजव्या हातात काच कापायचा हिरा घ्यायचा, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रेघ ओढायची. मधे थांबायचं नाही. थांबलं की पुढे काच मनाला येईल तिकडे मोडते. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा हिरा फिरवणाऱ्याला आक्का कारागीर म्हणायची नाही. काय म्हणायची ते इथे लिहिण्याजोगं नाही.

तर अशा बाईच्या छातीत धडधड येऊन बसली. यायची ती सांगून नाही. जिना चढताना आली असती तर समजून घेता आलं असतं. ही यायची ती आक्का चहा गाळत असताना, वेणी घालत असताना, गिऱ्हाइकाला लाकडाचे नमुने दाखवत असताना. आत कुणीतरी पळत सुटल्यासारखं काळीज धावायचं, गळ्यापर्यंत ठोके लागायचे, तोंड कोरडं पडायचं, पायांतलं बळ जायचं. पाच मिनिटं, कधी वीस. मग कळ फिरवल्यासारखी एकदम बंद. मागे उरायची ती नुसती थकलेली आक्का, घाम पुसणारी, आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं सुनेला म्हणणारी की कोपऱ्यातला केर अजून तिथंच आहे.

धडधड आठवड्यातून दोनतीनदा यायची. तिची वाट बघणं मात्र रोजचं होतं, आणि त्यानंच जीव जास्त शिणायचा. डाव्या कुशीवर झोपावं तर कानात ठोके ऐकू येणार, म्हणून उजवी कूस. बाजारात एकटीनं जायचं बंद केलं आणि कारण दिलं भाजीवालीच्या तोंडाळपणाचं. बसायची ती दाराजवळ. खांद्याला हात लावायच्या निमित्तानं बोटं गळ्याच्या शिरेवर जायची आणि ती मनात मोजत राहायची. दिवसभर एका पाहुण्यासाठी दार उघडं ठेवून बसावं, आणि तो आला की अंगाचा थरकाप व्हावा, असं झालं होतं. त्यात धंदा असला. भिंतीवर सगळी माणसं काचेआडून बघतात, निम्मी गेलेली. एकदा फोटो पुसताना आक्का सुनेला म्हणाली होती, “माझी चौकट साधी कर. नक्षीत धूळ बसते, आणि तू पुसणार नाहीस हे मला माहीत आहे.” सून हसली. आक्का हसली नव्हती.

शेवटी एका दुपारी दुकानाच्या पायरीवर ती खाली बसली, ओठ पांढरे झाले, आणि मुलानं बघितलं. मग कसलं लपवणं. त्यानं उचलून डॉक्टरकडे नेलं. तिथं पोचेपर्यंत धडधड निघून गेली होती. कागदावर काळजाच्या रेघा उमटल्या त्या शाळेतल्या वहीसारख्या सरळ. डॉक्टर म्हणाले, पकडायचं तर ऐन वेळी पकडलं पाहिजे. काडेपेटीएवढी एक डबी त्यांनी छातीवर चिकटवायला सांगितली, सात दिवस. चिकटवणाऱ्या पोरीनं समजावलं की धडधड आली की हे बटण दाबायचं, तेव्हाचंच यात उतरतं, आणि त्या वेळी काय करत होता ते वहीत लिहायचं.

“कळलं ना आजी?”

“तुझी आजी कधीपासून झाले?” आक्का म्हणाली. “कळलं.”

वाटेत मुलगा तेवढंच बोलला जे बोलायला नको होतं. यंत्रात काही निघालं तर टेबल बंद, काच आपण बाहेरून कापून मागवू, तू आरामात बस. तो मायेनंच बोलला होता. आक्काला ते असं ऐकू आलं की चाळीस वर्षं उभी राहिलीस, आता भिंतीवर जा.

त्या सात दिवसांत धडधड नेहमीपेक्षा जास्त, सहा वेळा आली. आक्कानं एकदाही बटण दाबलं नाही. बटण म्हणजे तिला मदतीला माणूस बोलवायची घंटा वाटली, आणि तिनं आजवर कुणाला असं बोलावलं नव्हतं. वहीत सुनेनं रोज तारीख घातली आणि खाली जागा कोरी राहिली. सून एकदोनदा सासूच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. ती बोलायची कमी आणि बघायची जास्त. आक्काला तिचा हाच स्वभाव खटकायचा.

डबी उघडली तर रिकामी. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत दिसतंय, काळजी करायची सवय असते काहींना, जरा मन रमवा. मुलाचा जीव भांड्यात पडला. आक्का जिंकली होती. फक्त आता धडधड आली तरी तिला नावच उरलं नव्हतं. विचारणारं कुणी नाही, आणि सांगायची सोय तिनं स्वतःच्या हातानं बुजवली होती. मन रमवा म्हणे. काचेच्या टेबलाशी मन रमवलं तर बोटं जातात.

बोटं नाही गेली, सुनेचं मनगट कापलं. मोठी काच दोघींनी धरून उचलताना आक्काच्या छातीत सुरू झालं, डोळ्यांपुढे काजवे आले, आणि तिच्या हातातलं टोक निसटलं. काच सुनेच्या बाजूला कलली. रक्त बघून मुलगा रंध्याचं काम टाकून धावत आला. आक्कानं तोंड उघडलं, पण तिच्या आधी सून बोलली.

“माझंच चुकलं. हातमोजे घातले नव्हते.”

चार टाके पडले. त्या दिवशी आक्काला जेवण गेलं नाही. बोलणी खायची तिला सवय होती, द्यायची त्याहून जास्त. पण आपल्या चुकीवर दुसरीनं पांघरूण घालावं, तेही सुनेनं, आणि वर एका शब्दानं हिशोब मागू नये, हे तिच्या गळ्याखाली उतरेना. दोन दिवस ती सुनेवर नेहमीपेक्षा जास्त खेकसली. तिसऱ्या दिवशी पातळ बदललं, मुलाला म्हणाली की चष्म्याचा नंबर तपासून येते, आणि बाजारातून एकटी चालत डॉक्टरकडे गेली. दर खांबाशी थांबली. गळ्याची शीर मोजली. पुन्हा चालली.

“मागच्या खेपेला मी बटण दाबलं नव्हतं,” ती डॉक्टरांना म्हणाली.

“एकदाही?”

“एकदाही. सहा वेळा आलं होतं.”

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. “का बरं?”

“माझे दोन्ही हात कामात असतात.”

हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं, आणि ते तिच्याइतकंच त्यांनाही कळलं असावं. त्यांनी पोरीला हाक मारली. पोरीनं डबी पुन्हा चिकटवली. या वेळी ती आजी म्हणाली नाही, आणि आक्काला उगाचच वाईट वाटलं.

घरी आल्यावर मुलगा डबीकडे बघत राहिला. सुनेनं मागची वही काढली आणि नवं पान उघडलं.

तीन दिवस धडधड आली नाही. वाट बघितली की ती येत नाही, हा तिचा जुना खोडसाळपणा. चौथ्या दिवशी सकाळी शाळेच्या मोठ्या फोटोची काच कापायची होती, आक्काच्या पसरलेल्या दोन हातांएवढी लांब. सून पट्टीचं पलीकडचं टोक दाबून उभी होती, मनगटाला बँडेज, हातात मोजे. आक्कानं हिरा रॉकेलात बुडवला, टेकवला, ओढायला लागली. कापड फाटल्यासारखा बारीक एकसारखा आवाज निघाला. निम्म्यावर आली आणि आत काळीज पळत सुटलं.

उरलेलं दोनेक हात अंतर तिनं अशा अवस्थेत याआधी शंभरदा कापलं होतं. दात आवळायचे, श्वास कोंडायचा, रेघ टोकाला न्यायची, मग काय व्हायचं ते होऊ द्यायचं. हात आपसूकच तसा निघाला होता. पलीकडून सून तिच्या हाताकडे नाही, चेहऱ्याकडे बघत होती.

आक्कानं हिरा उचलला. पट्टीवरचा हातही काढला, आणि बटण दाबलं. डबी एकदाच, बारीक आवाजात वाजली.

सुनेनं आधी काचेकडे बघितलं. या घरात आल्यापासून तिनं अर्धी रेघ बघितली नव्हती. मग मोजे काढून तिनं स्टूल ओढलं, सासूला बसवलं, आणि वही घेतली.

“काय लिहू?”

“काच कापत होते,” आक्का धापा टाकत म्हणाली. “मधेच सोडली.”

सुनेनं पहिलं वाक्य लिहिलं आणि पेन थांबवलं.

“पुढचंही लिही. आणि त्याच्याखाली मागच्या काचेचं लिही. ती मी सोडली होती म्हणून. तुझ्या मनगटावरची.”

मुलगा रंधा हातात घेऊन मधल्या दारात आला होता. त्यानं ते ऐकलं. तो बायकोच्या मनगटाकडे बघत राहिला, मग आईकडे. टेबल बंद करायचं त्यानं काही काढलं नाही. आक्कानंही नाही. आज नाही तर उद्या निघणारच होतं, आणि आज तिच्या अंगात भांडायचं त्राण नव्हतं.

बाराव्या मिनिटाला धडधड एकदम बंद झाली. सुनेनं वेळ लिहिली. फोटोवाले मास्तर संध्याकाळी येणार होते, त्यांना उद्या या म्हणून सांगावं लागणार होतं. चाळीस वर्षांत आक्कानं कुणाला उद्या या म्हटलं नव्हतं.

“मोड ती,” ती सुनेला म्हणाली. “बघू कुठं जाते.”

सुनेनं मोजे चढवले आणि काचेला खालून हलकेच टिचकी दिली. काच निम्म्यापर्यंत रेघेवरून सरळ आली, आणि रेघ संपली तिथून वळत वळत कोपऱ्याकडे निघून गेली.

“गेलीच,” आक्का म्हणाली, आणि स्टुलावरून उठली नाही.