बायकोच्या चेहऱ्यावर काय दिसतंय?

सहावा फोटो टेबलावर आला आणि ती खुर्ची नवऱ्याजवळ सरकवून बसली. फोटोतला माणूस डोळे मोठे करून बघत होता. नवऱ्यानं मान तिरकी करून त्याला निरखलं आणि म्हणाला, "ह्याला कुणीतरी कोडं घातलंय."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर फुली मारली. तिसरी फुली.

दोन महिन्यांपूर्वी त्याच्या डोक्यातली गाठ काढली होती. शेंगदाण्याएवढी गाठ, पण मेली बसली होती नेमकी मेंदूच्या त्या कोपऱ्यात, जिथं दुसऱ्याची भीती ओळखू येते. बाकी हातपाय ठणठणीत, नजर साफ, जीभ तर पूर्वीहून धारदार! पण तो कारखान्यात क्रेन चालवायचा. वीस वर्षं माणसांच्या डोक्यावरून लोखंड नेलं, कुणाच्या केसाला धक्का लागू दिला नाही. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. खालच्या एखाद्याचा चेहरा नुसता बदलला, की ओरडा ऐकू यायच्या आत उस्तादचा हात थांबायचा. आज डॉक्टरीणबाईंनी शिक्का दिला, तर सोमवारपासून तो परत क्रेनवर. नाहीतर गेटाशी स्टूल टाकून येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं लिहीत बसायचं. तसं झालं तर हा माणूस पार खचेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"डॉक्टर, मला तरी कुठं ओळखू येतंय?" ती न राहवून म्हणाली. "ही माणसं तुमच्याकडची दिसतात. तो घाबरलाय की चकित झालाय, देव जाणे!"

डॉक्टरीणबाई परमुलखातल्या, भाषा शिकून बोलणाऱ्या. त्या रागावतील असं तिला वाटलं, पण त्यांनी मान डोलावली.

"बरोबर आहे तुमचं. ज्या चेहऱ्यांत आपण लहानाचे मोठे होतो, तेच मेंदू पटकन वाचतो. इथं आल्यावर मला वर्षभर कळत नव्हतं, कोण चिडलंय आणि कोण चेष्टा करतंय. हे फोटो राहू देत."

"म्हणजे सुटलो!" उस्ताद म्हणाला.

"एकच विचारते. घरचाच चेहरा बघा. बायकोच्या चेहऱ्यावर आत्ता काय दिसतंय?"

आता हे चुकले तर, ह्या भीतीनं तिनं पदर मुठीत आवळला. ओळखा हो, ती मनातल्या मनात म्हणाली, एवढं एक ओळखा.

उस्ताद तिच्याकडे वळला. फार वेळ लागला नाही त्याला.

"हसतेय की! खुशीत आहे. नवरा पास होतोय ना!"

डॉक्टरीणबाईंनीही पाहिलं. ओठ फाकलेले, दात दिसतायत, गाल वर. त्यांनी बरोबरची खूण केली आणि शिक्का जवळ ओढला.

ती हसत होती, हे खरंच होतं. तिच्या माहेरच्या माणसांत बाई घाबरली की हसते. समोरच्याच्या जिवाला घोर नको म्हणून हसते. तिची आई तशी, मावश्या तशा. परक्यांना ते हसूच वाटायचं. उस्तादला मात्र कधी वाटलं नव्हतं. पहिल्या बाळंतपणात ती अशीच दात दाखवत पडली होती. नर्स म्हणाली, किती धीराची! आणि ह्यानं तिचा हात घट्ट धरून म्हटलं होतं, "अगं वेडे, केवढी घाबरलीयस."

तो माणूस आता समोर बसून तिच्याकडे बघत होता आणि त्याला काहीच दिसत नव्हतं.

गप्प बसलं की झालं. कुणाला कळणार होतं? पण सोमवारी क्रेनखाली चाळीस माणसं असणार. त्यांतला कुणी वर बघून भेदरला, तर ह्याला काय दिसणार होतं?

शिक्का शाईवर टेकला.

"डॉक्टर, थांबा," ती म्हणाली. "ह्यांचं उत्तर चुकलंय. मी खुशीत नाहीये. मी मघापासून घाबरलेय, आणि ह्यांना ते कळत नाहीये."

डॉक्टरीणबाईंचा हात जागच्या जागी थांबला. तिनं तोंड मिटायचा केवढा प्रयत्न केला, पण ते मेलं हसू काही केल्या जाईना.

उस्ताद तिच्याकडे बघतच राहिला. त्याचा चेहरा लालबुंद झाला.

"माझ्या पोटावर पाय देतेस," तो म्हणाला, "आणि वर हसतेस?"